तरोटा आणि टाकळा एकच का?

माझं माहेर रत्नागिरीकडचं, सासर यवतमाळ जिल्ह्यात. आखाडात सासूबाईंनी तरोट्याची भाजी केली. पहिल्या घासालाच म्हटलं, हा तर आमचा टाकळा! शेजारच्या काकू मात्र ठाम : "नाई वो बाई, टाकळा अलग." खरं काय? आणि तरोटा हा शब्द कुठला?

—

भाजीचं झाड एकच. पान हातात घेऊन मोजा : एका देठावर पानांच्या तीन जोड्या, टोकाची जोडी सगळ्यात मोठी. चुरगाळलं की उग्र वास येतो, म्हणून ढोरं तोंड लावत नाहीत आणि धुरेच्या धुरे तरोट्यानं भरतात. कोवळा पाला तुरीची डाळ, लसूण नि लाल मिरची घालून झकास. शेंगा धरल्या की निबर होतो, मग कोणी विचारत नाही.

शब्दाचं म्हणाल तर शेजारी छत्तीसगडात याच भाजीला चरोटा म्हणतात. भंडारा-गोंदियाचा माणूस तिकडच्या बाजारात गेला तर त्याला ही भाजी मागायला अडचण येत नाही. म्हणजे आपला तरोटा टाकळ्यापेक्षा चरोट्याच्या जवळचा. संस्कृतात चक्रमर्द. चक्र म्हणजे गजकर्णाचा गोल चट्टा, त्याला चिरडणारा. आमच्याकडे बी ताकात वाटून चट्ट्यावर लावत. झोंबायचं असं की पोट्टे वाटी दिसली तरी पळायचे!

दिवस बुडाला की तरोट्याची पानं जोडीजोडीनं मिटतात. आजी म्हणायची, "झोपला तो, आता खुडू नोको, पाप लागते." वावरातून उशिरा येणाऱ्या बाया मग रिकाम्या ओट्यानं परतत. शास्त्र काही म्हणो, मी अजूनही संध्याकाळी तोडत नाही.

—

काकूही अगदीच चुकीच्या नसाव्यात. कासविंद्याला रानटाकळा असंही म्हणतात, त्यांच्या मनात तो असेल. त्याची पानं टोकदार, जोड्या चार-पाच, शेंगा बऱ्याचशा सरळ. तरोट्याच्या लांब, बारीक नि वाकड्या. कासविंद्याचं कच्चं बी लहान मुलांना बाधतं, तेव्हा पोरांच्या हाती शेंगा देऊ नका.

—

आज काकूंना धुऱ्यावर घेऊन गेले. त्यांनी दाखवलेल्या "टाकळ्या"वर पाच जोड्या निघाल्या. पिशवीत मात्र तरोटाच भरला, दोघींनीही.