सेवेच्या कामात तुम्हाला कुणी तयार केलं? (अनुभव धागा)

शिवोलीची_सून
रविवारी मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) बायबलचं पहिलं वाचन करायला एक शाळकरी मुलगी उभी राहिली. माइक स्वतःच खाली ओढला, वर एकदा बघितलं आणि सावकाश सुरू केलं. मला एकदम आमच्या वाड्यावरच्या रिटायर्ड टीचर आठवल्या.

मी सावंतवाडीची. लग्न होऊन इथे गोव्यात आले तेव्हा कोकणी बोलायला अडचण नव्हती, पण चर्चमधलं सगळं रोमी लिपीत, म्हणजे कोकणी पण रोमन अक्षरांत. वाचायला उभं राहायचं म्हटलं की पोटात गोळा. टीचरनी वहीत माझं वाचन देवनागरीत उतरवून दिलं. शनिवारी रिकाम्या इगर्जीत (चर्चमध्ये) नेलं, स्वतः शेवटच्या बाकावर बसल्या आणि तिथून ओरडल्या, "ऐकू येत नाही, परत!" असं किती शनिवार चाललं देव जाणे. मला जमायला लागल्यावर त्यांनी नियम सांगितला: आता पुढच्या वेळी येताना एकटी यायचं नाही, कुणाला तरी घेऊन यायचं. हा नियम सगळ्यांना होता. त्या स्वतः वाचायच्या फार क्वचित, आणि वाचायच्या तेव्हा आमच्यापेक्षा दसपट चांगलं.

तुम्हाला असं कुणी भेटलं का? कॅथलिक, प्रोटेस्टंट, कुणीही लिहा.

वास्कोकर
आमच्याकडे उलटं. छोटी मराठी मंडळी, पाळकसाहेब देवमाणूस, पण सगळं एकटेच. उपदेश तेच, हार्मोनियम तेच, संडे स्कूल तेच, आजाऱ्याला बांबोळीच्या हॉस्पिटलात नेणार तेच. कुणी मदतीला गेलं की "असू दे बाळ, मी करतो". मग ते स्वतःच आजारी पडले आणि कळलं की वीजबिलाचा ग्राहक क्रमांकसुद्धा कुणाला ठाऊक नाही. कपाटाची किल्ली शोधायला अर्धा दिवस.

नंतर आलेल्या बाईंनी पहिल्याच रविवारी निर्गम १८ काढलं. इथ्रो जावयाला म्हणतो ना, मोशे, तू अशाने झिजून जाशील आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. आमचे एक आजोबा मागून म्हणाले, "बाई, आपण सगळे मिळून पन्नास भरतो का ते आधी मोजा." :ड

पण बाईंनी दहांपासूनच सुरुवात केली. घरभेटीला कधी एकट्या गेल्या नाहीत, प्रत्येक वेळी कुणीतरी सोबत. पहिल्यांदा आम्ही नुसतं बसायचं, मग प्रार्थना आम्ही करायची, मग त्या यायच्याच बंद झाल्या.

चणे_भिजवले_का
सासूबाई हाका मारतायत, पटकन लिहिते. लादाईन (वाड्यावरची सामूहिक प्रार्थना) म्हटली की प्रार्थना कोण घालणार यावर कधी भांडण नाही, चणे कोण उकडणार यावर मात्र दरवर्षी. ल्हान समुदाय (चर्चचे वाड्यावाड्यांतले छोटे गट) सुरू झाल्यावर आमच्या वाड्याचा नंबर ठरला, तेव्हा कुठे सुटकेचा श्वास. बाकी लिहिते मागाहून.

मी_मडगावची
चण्यात सोडा घालता का हो? आमचे कडकच राहतात.

चणे_भिजवले_का
सोडा नको, रात्रभर भिजवा. मीठ उकडून झाल्यावर.

बॅजवाला
जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या मागच्या शवप्रदर्शनाला स्वयंसेवक होतो, 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025. रोज नाही, सुट्टी मिळेल तसा. माझी ड्यूटी से कॅथेड्रलच्या बाहेर रांगेवर. जोडीला एक काका, 2014 चं प्रदर्शन केलेले. मी मोठमोठ्याने "पुढे चला, पुढे चला" करत होतो. काका म्हणाले, "तू तोंडं बघतोस. पाय बघ. ज्याचे पाय घसटायला लागले त्याला खुर्ची, पाणी मागाहून." दुपारपर्यंत मला रांगेत कोण कोसळणार ते आधी दिसायला लागलं, खरंच. संध्याकाळी एक नवीन पोरगा आला तर काका मला म्हणाले, आता हे त्याला तू सांग, आणि निघून गेले चहाला! मी सांगत असताना खांबाआडून ऐकत होते हे नंतर कळलं.

बाकी गोंयच्या सायबाची, म्हणजे झेवियरांची, स्वतःची रीतही हीच. 1542 मध्ये आले तेव्हा गल्लीगल्लीत घंटा वाजवून पोरं गोळा करायचे, शिकवायचे. पुढे दक्षिणेच्या किनाऱ्यावर तर आजाऱ्यांच्या घरी प्रार्थना म्हणायला त्या पोरांनाच पाठवायचे. स्वतः किती घरी पुरणार?

दिवाडी_फेरी
विषय निघालाच आहे तर सांत जुझे व्हाज (संत जोसेफ व्हाज). बाणावलीचा जन्म, सांकवाळचं घर. 1687 मध्ये भिकाऱ्याच्या वेशात सिलोनला, कारण तिथे डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केलेली. कँडीत हेर समजून कैद. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तसबिरीत ते एकटेच असतात. पण गोव्याहून मागाहून गेलेल्यांचं नाव कुणी घेत नाही! 1697 च्या देवीच्या साथीत लोक कँडी सोडून पळाले तेव्हा व्हाजांच्या बरोबरीने फादर कार्व्हालो रोग्यांची सेवा करत होते. 1705 ला आमच्या दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस पोचले. त्यांनी तमिळ आणि सिंहली शिकून त्या भाषांत ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. व्हाज 1711 मध्ये गेले, काम थांबलं नाही. 2015 ला संतपद व्हाजांना मिळालं ते योग्यच, पण माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण मागे काम करणारी माणसं उभी राहिली यात आहे.

बॅजवाला
दिवाडकर कुठूनही निघाला तरी फेरी दिवाडीलाच लागते 😀

दिवाडी_फेरी
लागणारच!

पेडणेकर_आबा
मी हिंदू, लिहिलं तर चालेल ना? म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या (मारियामातेच्या) फेस्ताला आम्ही दरवर्षी तेल घेऊन जातो. आमच्या भजनी मंडळाचे बुवाही पखवाजावर पोरांना बसवायचे आणि आपण टाळ घ्यायचे. यंदा फेस्तातलं खाजं मात्र फार महागलं.

शिवोलीची_सून
आबा, विचारता काय! लिहा बिनधास्त. खाज्याबद्दल सहमत.

उगाच_गोड_नाही
सगळं छान छान चाललंय म्हणून बोलतो. आमच्या कोयरमध्ये मेस्तांनी (संगीतशिक्षकांनी) पोरांना सोल्फेजपासून (स्वर वाचून गाण्यापासून) शिकवलं, व्हायोलिन हातात दिलं. पोरं तयार झाली आणि पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात स्विंडनला गेली. मेस्त परत सा रे पासून. आणि कमिट्यांचं म्हणाल तर पाच कमिट्या आणि झाडू एक. मीटिंगला सगळे, फेस्ताच्या दुसऱ्या दिवशी पताका काढायला तेच चार जण.

वास्कोकर
पताकांचं अगदी खरं. चौघांतला एक मी.

स्विंडनवाली
दादा, मी त्याच पोरांपैकी, तुमच्या नाही तरी दुसऱ्या कुठल्या मेस्तांची. इथल्या चर्चमध्ये ऑल्टो (बायकांचा खालचा सूर) मी शिकवते. त्यात एक केरळची नर्स, दोन फिलिपिनो बायका, एक इंग्लिश आजी. आमचे मेस्त बोटाने बाकावर ठोका द्यायचे तसाच देते. फोनवर सांगितलं तर म्हणाले, "श्वास कुठे घ्यायचा ते आधी शिकव, सूर मागीर." आणि फोन ठेवला. शिफ्टला निघते.

उगाच_गोड_नाही
हं. हे आमच्या मेस्तांना वाचून दाखवतो.

मी_मडगावची
रात्रभर भिजवले, मऊ झाले चणे! धन्यवाद ताई. अवांतर: आमच्या संडे स्कूलच्या हार्मोनियमचा भाता फाटलाय. दुरुस्त करणारं मडगाव-फोंड्याकडे कुणी?

पेडणेकर_आबा
आमच्या बुवांचा माणूस आहे फोंड्याला. व्यनि (खाजगी निरोप) करतो. पण पेटी तिथे नेऊन द्यावी लागेल, तो घरी येत नाही.