मदत हवी आहे : मधपेट्या आणि शेततळ्यातल्या माशांची भरपाई कशी मागायची?

नमस्कार मंडळी, मी निफाड तालुक्यातला. परवाच्या अवकाळीत वीज पडून आमची दुभती गाय गेली. पशुवैद्यकीय डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं, तलाठी भाऊसाहेबांनी पंचनामा केला. आपत्ती निधीच्या निकषात दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये आहेत, त्यामुळे तिची फाईल तरी पुढे सरकेल.

खरी अडचण मधपेट्यांची. डोंगळ्यात, म्हणजे बियाण्यासाठी लावलेल्या कांद्यात, परागीभवनासाठी पंधरा पेट्या ठेवल्या होत्या, त्यातल्या अकरा वाऱ्याने आडव्या झाल्या. सकाळी झाकण उचललं तर तळाला ओल्या माश्यांचा थर, आणि उरलेल्या मूठभर तुटक्या पोळीला घट्ट चिकटून बसलेल्या. बघवत नव्हतं हो. गोंडे ऐन फुलात आहेत, आता बी कसं धरणार? पंचनाम्यात मधमाश्यांना रकानाच नाही म्हणतात. अमेरिकेत गुरं, मधमाश्या आणि मत्स्यशेती या तिन्हींना एकाच आपत्कालीन योजनेतून मदत मिळते. आपल्याकडे माश्या म्हणजे पशुधन नव्हे का?

शेततळ्याचंही तेच. उडालेला पत्रा तळ्याच्या प्लास्टिक कागदात घुसला, रात्रीतून पाणी उतरलं, रोहू-कटला गेले. मत्स्यबीजाच्या पावत्या जपून ठेवल्यात.

नाशिक जिल्ह्यात कुणी मधपेट्यांची नोंद पंचनाम्यात करून घेतली आहे का? अर्ज कृषी खात्याकडे द्यायचा की थेट तहसीलला? मधुक्रांती या मधपाळांच्या सरकारी पोर्टलवरची नोंदणी पुरावा म्हणून चालते का? फोटो काढलेत, पण तुटक्या पेट्या अजून हलवलेल्या नाहीत. हलवू का?