गोष्ट मध्येच थांबवा
काहीजण म्हणतात की वर्गात धर्माच्या गोष्टी सांगितल्या तर नववी-दहावीच्या पोरांना त्या बालिश वाटतात. मला नाही पटत. आमच्या कोल्हापूरकडं कुंभोजच्या बाहुबलीला, म्हणजे तिथल्या जैन तीर्थाला, सहली जातात. 28 फुटी मूर्तीपुढं सेल्फी काढला की पोरं मोकळी. तिथंच भरत-बाहुबलीची, राज्यासाठी भिडलेल्या दोन भावांची जैन गोष्ट काढायची. सैन्य मारायचं नाही, दोघा भावांतच दृष्टियुद्ध (पापणी न लवता एकमेकांकडं बघत राहायचं), जलयुद्ध, मल्लयुद्ध. कुस्ती म्हटलं की तालमीतली पोरं कान टवकारतातच! बाहुबली तिन्ही जिंकतो. इथं थांबून विचारा, आता काय करेल? "राज्य घेईल की!" तो सगळं सोडून तपाला जातो म्हटल्यावर जो वाद पेटतो, त्यात अपरिग्रह, म्हणजे कशाचाच हव्यास न धरणं, आपोआप येतो. येशूनं सांगितलेली चांगल्या शोमरोनीची (वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या शोमरोन प्रांतातल्या माणसाची) गोष्टही घ्या, पण यहुदी-शोमरोनी हाडवैर आधी सांगा. नाहीतर ती नुसती मदतीची गोष्ट होते.