‘कम्युनिटी प्रॉपर्टी’ला मराठीत काय म्हणावे?

आबोली:
म्हापशाच्या एका कुटुंबाचे कागद भाषांतराला आलेत. नवरा वारला, मागे बायको आणि दोन मुले. कार्यालयाच्या शब्दयादीत ‘कम्युनिटी प्रॉपर्टी’ला ‘सामुदायिक मालमत्ता’ दिलेय. गोव्यातला माणूस ते वाचून कोमुनिदादीची, म्हणजे गावसंस्थेची सामुदायिक जमीन समजेल. शिवाय ‘पत्नीस वारसाहक्काने अर्धा हिस्सा’ हे वाक्यही खटकतेय. काय लिहू?

तेरेखोल:
खटकायलाच हवे. तो अर्धा तिला वारशाने मिळत नाही, लग्नापासून तिचाच असतो. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून आमच्याकडे हे चालत आलेय. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर सर्वसाधारणपणे दोघांचे आधीचे-नंतरचे सगळे एकत्र धरतात. म्हणून तर जमीन विकताना दोघांच्या सह्या लागतात. एक जण गेला की आधी दुसऱ्याचा अर्धा बाजूला काढायचा. जो उरेल तोच मयताचा. दोन मुले असतील तर एकेकाला एकूण मालमत्तेचा पाव. मृत्युपत्र केले तरी मुले असताना माणसाला आपल्या अर्ध्यातला अर्धाच मनाप्रमाणे देता येतो. नवरा-बायकोच्या ज्या त्या अर्ध्याला वकील ‘मोयटी’ म्हणतात. इन्व्हेंटरीचे, म्हणजे कोर्टात मयताच्या मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याचे काम चालले होते तेव्हा माझी आत्या सगळ्यांना एकच सांगायची, “म्हजें अर्द म्हजें, उरिल्ल्याची वांटणी करात.”

घाटावरचा:
मग सरळ ‘सामाईक’ लिहा की. सामाईक विहीर, सामाईक बांध. शेतकऱ्यालाही कळते.

अक्षरवाट:
सामाईक म्हटले की भाऊबंद डोळ्यांपुढे येतात, नवरा-बायको नाही. आणि पुण्याच्या वाचकाला 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा माहीत असतो. तिथे मृत्युपत्र नसेल तर विधवा, मुले आणि मयताची आई सारख्या वाट्याचे वारस. सासू हयात नसेल आणि दोन मुले असतील तर विधवेला तिसरा हिस्सा. त्याने ‘पत्नीस अर्धा वारसा’ वाचले की कारकुनाची चूक समजेल. आबोली, ‘वारसा’ शब्द त्या वाक्यातून आधी काढा.

मूळपीठ:
‘दांपत्यधन’ घ्या. सुटसुटीत, संस्कृत, अर्थवाही. ‘मोयटी’सारखे उपरे शब्द मराठीत कशाला?

तेरेखोल:
‘दांपत्यधन’ कानाला ‘स्त्रीधना’सारखे लागते, लोकांना दागिने वाटतील. इथे घर, कुळागर, बँकेतली ठेव, सगळेच आले. आणि उपरा म्हणजे काय? माझ्या आजोबांपासून घरात ऐकतोय तो शब्द. कोर्टात जाणाऱ्या विधवेला जो कळतो तो आमचा शब्द.

मूळपीठ:
कळतो म्हणून प्रमाण होत नाही. उद्या ‘इन्व्हेंटरी’लाही मराठी म्हणाल.

अक्षरवाट:
म्हणूच. गोव्याच्या 2012 च्या कायद्याच्या नावातच तो शब्द आहे. आबोली, या कुटुंबाची गोव्याबाहेर मालमत्ता आहे का? 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेय की गोंयकाराच्या भारतातल्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेच्या वारशालाही गोव्याचाच कायदा लागतो.

आबोली:
हो, ठाण्याला एक फ्लॅट आहे. म्हणजे तिथले लोकही हे वाचणार. ‘पती-पत्नीची एकत्र मालमत्ता’ आणि ‘पत्नीचा स्वतःचा निम्मा हिस्सा’ असे केले तर?

घाटावरचा:
‘निम्मा’ झकास. आमच्याकडे जमीन निम्म्याने कसायला देतात.

मूळपीठ:
निम्मा फारसी. ‘नीम हकीम’मधला नीम. ‘अर्धा’ लिहा.

तेरेखोल:
फारसी कशावरून? संस्कृतात ‘नेम’ म्हणजे अर्धा आहेच, पाणिनीच्या सर्वादिगणात आहे.

मूळपीठ:
‘नेम’वरून ‘निम्मा’ व्हायला मधला ‘म’ दुप्पट कसा झाला, ते आधी दाखवा.

घाटावरचा:
आमची आजी ‘निमे’च म्हणायची, एका ‘म’चे. “निमी भाकर तुला, निमी मला.”

आबोली:
कागद उद्या द्यायचेत हो. ‘एकत्र’ चालेल की ‘सामाईक’?

मूळपीठ:
आजीच्या ‘निमे’वरून फारसीच सिद्ध होते. सविस्तर लिहितो.