एआयला जोडीदार करून लिहिताना: खान्देशातले अनुभव

वहीगायनाची (खान्देशातल्या पारंपरिक लोकगायनाची) पदं, गुलाबाईची गाणी, अहिराणी नाटुकली, शाळेच्या गॅदरिंगचे संवाद. या कामांत एआयला सोबतीला घेणारे आता बरेच झालेत. आपला अनुभव इथे मांडताना "मस्त लिहून देतं" किंवा "काही कामाचं नाही" एवढ्यावर थांबू नका. काय सांगितलं, कुठे बिघडलं, कशानं सुधारलं, ते लिहा. बोलीही नोंदवा, कारण अमळनेरकडची अहिराणी आणि यावल-रावेरची लेवा बोली एक नाही.

धुळे, अहिराणी एकांकिका

नुसतं "अहिराणीत लिही" म्हटलं की पहिल्या तीन-चार ओळी बऱ्या येतात, पुढे प्रमाण मराठीला वरवर अहिराणी फासलेली असते. त्याच्या वाचनात अहिराणी मजकूर फार थोडा आलाय, म्हणून ते मराठीकडे घसरतं. त्यामुळे नियम आणि नमुने दोन्ही आधी द्यायचे. षष्ठीला ना-नी-नं (बापना, मायनी), सप्तमीला मा (घरमा, वावरमा), 'आहे'ला शे, वर्तमानकाळात मी जास, तो करस. त्याखाली स्वतः टाइप केलेले ४०-५० संवाद, तेही एकाच तालुक्यातले. साक्री आणि शिरपूर मिसळून दिलं तर ते मिसळूनच परत करतं.

"मन्हं गाव तापीच्या काठवर शे" ही नेहमीची चूक. यावर "चुकलं" एवढंच म्हणालात तर ते सगळी ओळ नव्यानं लिहितं आणि बरोबर असलेलं 'काठवर'ही हातचं जातं. "फक्त तापीच्याचं तापीना कर, बाकीला हात लावू नको" असं सांगा. सुधारलेली ओळ लगेच नमुन्यांत टाका.

माइकवर बोलून मजकूर देऊ नका. ती सोय मराठीसाठी बसवलेली असते, 'शे'चं भलतंच काही करून ठेवते. मग त्या चुकाच नमुना ठरतात.

रावेर, लेवा बोली

धुळ्याच्या भाऊंनी लिहिलं त्यात एक भर. "खान्देशी बोली" हा शब्दच वापरू नका. बहिणाबाई चौधरींची गाणी लेवा बोलीतली. ती छापील आहेत आणि सगळीकडे पोचलीत, म्हणून कविता मागितली की बहुधा त्याच वळणाची ओळ येते. आपण अहिराणी मागितलेली असते, हाती येतं दोन्हींचं कडबोळं. शिवाय उसनं वळण कानाला गोड लागतं, त्यामुळे चटकन लक्षात येत नाही. बोलीचं नाव, तालुका आणि बोलणाऱ्याचं वय, तिन्ही सांगा.

चोपडा, भजनी मंडळासाठी अभंग

मोठ्या अभंगाचा हिशोब ६-६-६-४ अक्षरांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. हा नियम एआय घडाघडा सांगतं आणि लिहिताना हमखास मोडतं. ते मजकूर अक्षरं म्हणून पाहत नाही, तुकड्यांत पाहतं, आणि देवनागरीचे तुकडे कुठेही पडतात. 'पाण्याची पाळी' ही पाच अक्षरं, पण 'ण्या' फोडून ते सहा मोजतं. म्हणून मोजणी उघड्यावर करून घ्यायची: "प्रत्येक अक्षरामध्ये आडवी रेघ टाक, जोडाक्षर एकच धर."

के-ळी-च्या बा-गे-ला
पा-ण्या-ची ती पा-ळी
उ-ठे रा-त्र-का-ळी
बा-प मा-झा

आता बोटावर मोजता येतं. ही ओळ येण्याआधी त्यानं झुळझुळता पाट आणि कोवळं ऊन लिहिलं होतं. आपल्याकडची केळी ठिबकवर, मोटारीची लाइट कधी रात्रीची, हे त्याला कसं ठाऊक असणार? मागण्याआधी विषयाबद्दल आठ-दहा खऱ्या गोष्टी द्या: कुठलं पीक, पाणी कसं, कोण जागतं, हातात काय असतं. एवढ्या एका गोष्टीनं लिखाण जितकं सुधारतं, तितकं दुसऱ्या कशानं सुधारत नाही.

जळगाव, गुलाबाईची गाणी

गुलाबाई म्हटलं की ते भोंडल्याकडे जातं आणि मधे पाटावर हत्ती आणून ठेवतं. आपल्याकडे गुलाबाई-गुलोजी, म्हणजे शंकर-पार्वतीची मूर्ती, आणि भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंतचा महिना, हे आधी सांगावं लागतं. खाऊ ओळखायच्या खेळासाठी मात्र फार छान जोडी जमते. पदार्थाचं नाव न घेता रंग, आवाज, चव यांवरून दोन-दोन ओळींची कोडी मागा. वीस मागितली तर चार-पाच कोडी मुलींपुढे ठेवण्यासारखी निघतात.

शहादा, मुलांच्या क्रमशः गोष्टी

लांब काम असेल तर त्याच्या आठवणीवर विसंबू नका. संभाषण लांबलं की सुरुवातीचं निसटतं, आणि चौथ्या भागातली आजी सातव्या भागात मावशी होते. बैठक संपताना त्याच्याकडून पंधरा ओळींची नोंद लिहून घ्या: पात्रं, कोण कोणाला काय म्हणतं, काय घडून गेलं, काय अजून उघड करायचं नाही, कुठले शब्द वर्ज्य. ती स्वतः वाचून दुरुस्त करा, कारण न घडलेलं एखादं वाक्य त्यात हमखास घुसतं. पुढच्या बैठकीला नवं संभाषण उघडून हीच नोंद पहिली चिकटवायची.

पारोळा, वहीगायनाची पदं

सगळ्यात घातक त्याचं होला हो. "कसं वाटलं?" विचारलं की कौतुकच येतं. असं विचारा: "यातल्या सगळ्यात कच्च्या तीन ओळी दाखव, कारण दे, पर्याय देऊ नको." पर्याय मागितला की आपण आळसावतो आणि त्याचाच उचलतो. तरी कौतुक आलंच, तर त्यानंतरच्या "पण"पुढे लिहिलेलं तेवढं वाचा.

शहाद्याच्या ताईंनी आठवणीबद्दल लिहिलं त्यात एक भर. ॲपची कायमची आठवण मी बंद ठेवतो. एका पदातला लाडका शब्द मग दुसऱ्या पदांतही डोकावतो.

भुसावळ, नभोनाट्य

रोज गप्पा मारायला नाव देऊन सोबती केला असेल, तर त्याला एकच भूमिका द्या. श्रोता, खोड काढणारा किंवा पात्र, यांपैकी एक. तिन्ही एकदम दिली तर ते मवाळ श्रोताच होऊन बसतं. आणि आपुलकीनं विचारलं म्हणून घरच्यांची खरी नावं, आजार, भाऊबंदकी तिथे लिहू नका. माणसाचं नाव आणि गाव बदललं तरी प्रसंग तसाच उभा राहतो.

वाचून दाखवल्याशिवाय मजकूर पक्का धरू नका. कागदावर मोठ्या अक्षरात छापा, दोघांना वाचायला द्या. जीभ अडखळेल त्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारा, आणि मशीनकडे परत फक्त तेवढेच शब्द न्या.