मदत हवी आहे: मागच्या चाकासाठी इन्सर्ट (टायरच्या आत बसणारे फोमचे कडे) घ्यावे की जाड केसिंगचा (टायरच्या मूळ कापडी-रबरी कवचाचा) टायर?

नमस्कार मंडळी,

मी छत्रपती संभाजीनगरला राहतो आणि खुलताबाद, सुलीभंजन, म्हैसमाळ या भागातील डोंगरवाटांवर माउंटन बाइक चालवतो. चाके २९ इंची, टायर २.४ इंच रुंदीचे व ट्यूबलेस, आणि पाठीवरच्या सामानासह माझे वजन ८० किलोच्या आसपास आहे. मागच्या चाकात २४ पीएसआय हवा ठेवली, तर उतारावर बसाल्टच्या धारदार दगडांवर टायर पूर्ण दबून रिमला ठोका बसतो; तीच २८ केली की मुरमाच्या चढावर चाक पकड सोडून जागच्या जागी फिरू लागते.

सध्या रिमची कड एका ठिकाणी नखाला जाणवेल इतकी आत वळली आहे. साइडवॉलवरही (टायरच्या बाजूच्या भिंतीवरही), रिमपासून बोटभर अंतरावर, एक तिरपा काप गेला असून तिथे सीलंट (छिद्रे बुजवण्यासाठी टायरमध्ये भरलेले द्रव) पाझरून वाळले आहे. पेच इथेच आहे. फोमचे इन्सर्ट रिमवरचा ठोका झेलते आणि कमी हवेतही टायरला आतून आधार देते, पण दगडाने साइडवॉल चिरली जाणे ते थांबवू शकत नाही. उलट, मॅक्सिसच्या डबलडाउनसारख्या दुपदरी केसिंगमुळे चिरण्याची भीती बरीच कमी होते, मात्र रिमला मिळणारे संरक्षण इन्सर्टइतके नसते. वजनाचा वाद मला फारसा पटत नाही, कारण जाड इन्सर्ट काय किंवा असे केसिंग काय, चाकामागे दोन-अडीचशे ग्रॅम वाढणारच.

खरी धास्ती वेड्या बाभळीच्या काट्यांची आहे. उन्हाळ्यात सीलंट लवकर आटते, आणि ऐन रानात ट्यूब टाकायची वेळ आली, तर घट्ट बसलेली टायरची कड सोडवून, चिकट झालेले इन्सर्ट बाहेर काढून पाठीवर वागवत घरी आणावे लागेल. त्यामुळे पुढचा टायर आहे तसाच ठेवून फक्त मागे जाड केसिंग बसवावे, याकडे माझा कल आहे.

ज्यांनी आपल्याकडच्या अशाच खडकाळ वाटांवर दोन्ही वापरून पाहिले आहे, त्यांनी कृपया सांगावे: माझ्या वजनाला नुसत्या जाड केसिंगवर २४ पीएसआयपर्यंत उतरता येईल का? इन्सर्ट असताना एप्रिल-मेमध्ये सीलंट किती दिवसांनी भरावे लागते? आणि वळलेली रिमची कड सरळ करून त्यावर ट्यूबलेस टायर नीट बसतो, की आधी रिमच बदलावी?