जुनी गिटार की नवी? दोन्ही वाजवलेल्यांनी लिहा

धागाकर्ता
जुनी गिटार ‘मुरते’ हे ऐकून कान किटले. ज्यांच्या हाताखालून दोन्ही गेल्या आहेत त्यांनी आवाज, बांधणी आणि पैसे वसूल झाले का, यावर लिहावं. तुलनेच्या वेळी दोन्हींवर सारख्याच, ताज्या तारा होत्या का तेही सांगा. मळलेल्या तारांच्या मऊ आवाजाचं श्रेय लाकडाला दिलेलं मी फार वेळा पाहिलंय.

खर्जवेडा
बाबांची स्प्रूस टॉपची (पुढची फळी स्प्रूस लाकडाची) अकूस्टिक आणि माझी त्याच आकाराची नवी. दोन्हींवर .०१२चा (सर्वांत बारीक तार ०.०१२ इंच) नवा सेट. बाबांची हलक्या बोटांनाही लगेच बोलते, नवीला जोर लागतो. मात्र दणकून स्ट्रमिंग केलं की जुनीचा खर्ज गढूळ होतो, नवी स्वच्छ राहते. वयामुळे लाकडातला हेमिसेल्युलोज हा घटक हळूहळू कमी होतो, हे खरं. पण बाबांच्या गिटारीचं ब्रेसिंगही (टॉपखालच्या आधारपट्ट्या) बारीक आहे, तेव्हा श्रेय कुणाचं हे छातीठोकपणे नाही सांगणार.

फ्रेटघाशा
दुरुस्ती हाच धंदा. गिऱ्हाईक आवाजावर भाळतं, मी आधी नेकचा (दांड्याचा) कोन बघतो. लाइट, म्हणजे .०१२चा, सेट सुरात लावला की एकूण ताण सत्तर किलोच्या आसपास जातो. तो वर्षानुवर्षं सोसून टॉप फुगतो, नेक पुढे झुकतो, ॲक्शन (तारांची नेकपासूनची उंची) चढते. मग प्रत्येक मालक सॅडल (टॉपवरच्या ब्रिजमध्ये बसवलेली, तारा टेकतात ती पट्टी) घासून वेळ मारून नेतो आणि शेवटी घासायला सॅडलच उरत नाही. अशी गिटार स्वस्तात मिळाली तरी नेक रीसेटचा (नेक काढून योग्य कोनात पुन्हा बसवण्याचा) खर्च कधी कधी गिटारीच्या किमतीला भिडतो.

ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या सळईने) नेक सरळ करा, लांब पट्टी फ्रेटांवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) ठेवून ब्रिजपर्यंत न्या. टोक ब्रिजच्या माथ्याला लागलं तर उत्तम. बरंच खाली, ब्रिजच्या पोटाला धडकलं, तर भाव पाडा किंवा नमस्कार करून निघा. काही नव्या गिटारींचा नेक बोल्टवर असतो. टेलर कंपनीने १९९९ पासून आणलेल्या पद्धतीत पातळ पट्ट्या बदलून कोन सुधारता येतो. त्यात रोमान्स नाही, पण माझं काम अर्ध्यावर येतं.

सिंगलकॉइल
इलेक्ट्रिकमध्ये ‘व्हिंटेज’ म्हणजे चांगली असं कुणी ठरवलं? सत्तरच्या दशकातली एक (ब्रँड विचारू नका) वापरली. नेक आणि बॉडीच्या मध्ये व्हिजिटिंग कार्ड आरामात जायचं. सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर) कापलेल्या आजच्या साध्या गिटारीचा नेक खोबणीत घट्ट बसतो. संग्राहकांचा बाजार वेगळा. १९५८ ते ६० मधली गिब्सन कंपनीची सनबर्स्ट रंगाची लेस पॉल तेव्हा खपत नव्हती, आज तिच्या किमतीत घर येईल. लाकूड तेच, फक्त मागणी वाढली.

नायलॉनी
माझी क्लासिकल सीडर लाकडाची. सीडर पहिल्या दिवसापासून मोकळं बोलतं, त्यामुळे वाट बघण्याचा प्रश्नच आला नाही.

परदेशी पाहुणा
ब्राझिलियन रोझवुडची जुनी घेत असाल तर कागदपत्रं मागा. १९९२ पासून हे लाकूड साइट्सच्या (धोक्यातल्या वन्य प्रजातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे, सीमा ओलांडून विकताना अडकाल.

धागाकर्ता
@फ्रेटघाशा, पट्टी लावताना तारा उतरवायच्या का?

फ्रेटघाशा
मुळीच नाही. सुरात लावूनच बघा. तारा सैल केल्या की नेक मागे जातो आणि वाकडी गिटारही सरळ दिसते. विकणाऱ्याने तारा आधीच सैल ठेवल्या असतील तर जास्तच नीट बघा.